डावीकडे फिरवलेलं बटण

माझे भावजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, लिफ्ट दुरुस्त करायचे. उभी हयात त्यातच गेली. उंच इमारतीच्या गच्चीवर एक कोंदट खोली असते, तिथे मोटर असते, जाड दोर असतात आणि ग्रीसचा वास असतो. त्या खोलीत पालथ्या बादलीवर बसून ते डबा खायचे. खाली माणसं सुखानं वरखाली करत असायची. लिफ्ट बंद पडेपर्यंत त्यांतल्या कुणाला भावजींची आठवण व्हायची नाही, आणि बंद पडली की शिव्या द्यायला बरोबर आठवण व्हायची. भावजींना त्याचं काही वाटत नसे. अबोल माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

वेड एकाच गोष्टीचं होतं, कप्तानाच्या सिनेमांचं. एक जुनाट टगबोट, वादळात सापडलेली जहाजं किनाऱ्याला ओढून आणणारा कप्तान आणि त्याचा इंजिनवाला. हा इंजिनवाला अख्ख्या सिनेमात चार वाक्यं बोलला तरी खूप. दर भागात वादळ यायचं, दर भागात कप्तान म्हणायचा की या खेपेला काही खरं नाही, आणि दर भागात ते सुखरूप परत यायचे. मी दोन भाग पाहिले आणि दोन्ही वेळा झोपले. हे मी भावजींना तोंडावर सांगितलं होतं. तेव्हा ते आठवडाभर माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलत होते, पण ते नेहमीच तेवढंच बोलत असल्यामुळे मला उशिरा कळलं.

ताईची आणि त्यांची ओळखही कप्तानामुळेच झाली. पहिला भाग लागला होता. ताई तो दुसऱ्यांदा बघायला गेली होती, कारण मैत्रीण तिकीट काढणार होती. शेजारच्या खुर्चीवर कामावरून थेट आलेला, नखांत काळं अडकलेला एक तरुण बसला होता. भावजींना पाण्याची भारी भीती, पोहता तर मुळीच येत नाही. पडद्यावर वादळ सुरू झालं तशी त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. त्या हातावर ताईचा हात आधीच होता. ताईनं हात काढून घेतला नाही. ती म्हणाली, "घाबरू नका. पोहोचतात ते. मी आधी पाहिलाय."

शेवट फोडला म्हणून हा गृहस्थ मध्यंतरात तिच्याशी भांडायला गेला आणि लग्न ठरवूनच बाहेर आला. आमची आई म्हणाली, अंधारात जमलेलं लग्न उजेडात कसं टिकायचं? पण टिकलं. मूल झालं नाही. ते दुःख दोघांनी आपापल्या परीनं गिळलं, आम्हाला कधी दाखवलं नाही. कप्तानाचा नवा भाग आला की दोघं पहिल्याच दिवशी जायचे आणि घरी येऊन पुन्हा एकमेकांना तोच सिनेमा सांगायचे. ताई त्यांना सरळ अरे-तुरे करायची. आईला ते शेवटपर्यंत खटकलं.

ताई एका मोठ्या रुग्णालयात टेलिफोनवर होती. कुठल्या वॉर्डाचा नंबर काय, कुठला डॉक्टर या वेळी कुठे सापडेल, सगळं तिला तोंडपाठ. यादी समोर असायची, पण तिनं ती कधी उघडली नसेल. मग एक दिवस आपल्या आजारी आईची चौकशी करणाऱ्या माणसाला तिनं धोबीखात्याला जोडून दिलं. त्याचा फोन पुन्हा आला, तिनं पुन्हा तिथेच जोडलं. तिसऱ्यांदा तो रडकुंडीला आला. ताई आधी हसली, मग हसेना. घरी आली ती पायांत चपला तशाच ठेवून खुर्चीवर बसून राहिली. भावजी आले तेव्हा दिवाही लावला नव्हता.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं की हे विसरणं आता वाढतच जाणार. औषधानं थोडा वेग कमी होईल, बस.

नेमका त्याच वर्षी कप्तानाचा सहावा भाग आला. आणि त्या सिनेमावाल्यांना काय अवदसा आठवली कोण जाणे, त्यांनी कप्तानाला म्हातारा केला. केस पांढरे, हात थरथरणारे. भर वादळात तो बोट उलट्याच दिशेला नेतो आणि एक तरुण पोरगी त्याच्या हातातून सुकाणू काढून घेते. शेवटी बोट निघून जाते आणि कप्तान धक्क्यावर उभा राहतो. भावजी त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत. ताई मात्र नीट जेवली, कारण काय पाहिलं ते ती वाटेतच विसरली होती.

जुन्या चाहत्यांचं एक मंडळ होतं. दर रविवारी एका घड्याळवाल्यांच्या दुकानामागच्या खोलीत बसायचं. घड्याळवाले म्हणजे त्यांचे पुढारी, आवाज असा की भिंतीवरची घड्याळं आपसूक बरोबर वेळ दाखवायला लागावीत. ते म्हणाले, "आपल्या जिवावर हे लोक मोठे झाले. आपण पोटाला चिमटा काढून तिकिटं काढली. आता आपलं ऐकायचं नाही म्हणजे काय?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. स्टुडिओच्या फाटकासमोर फलक घेऊन उभं राहायचं ठरलं. फलक भावजींनी रंगवले, कारण त्यांच्याकडे 'लिफ्ट बंद आहे' लिहिलेल्या जुन्या पाट्यांचा ढीग पडला होता. त्यांच्या मागच्या बाजूला त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आमचा कप्तान आम्हाला परत द्या.'

त्या दिवशी वारा होता. पाट्या हातात फिरत होत्या, त्यामुळे आतल्या बऱ्याच लोकांना वाटलं की लिफ्टबद्दल काहीतरी तक्रार आहे. हे भावजींनीच मला सांगितलं, आणि सांगताना हसले. त्या वर्षातलं त्यांचं तेवढं एकच हसू मला आठवतं.

मी त्यांना एकदा डिवचलं. म्हटलं, "भावजी, सिनेमावाल्यांनी तुमचं का म्हणून ऐकावं? उद्या इमारतीतले लोक म्हणाले लिफ्ट दुप्पट वेगानं पळवा, तर तुम्ही पळवाल?"

"लोकांसाठीच असते लिफ्ट," ते म्हणाले. "त्यांच्या मजल्यावर थांबायला हवी."

"थांबू दे की. पण दोर कुठला बसवायचा ते पण लोकांना विचारणार?"

त्यावर ते उठून ताईच्या गोळ्या काढायला गेले. मग मला माझीच लाज वाटली. तो फलक सिनेमावाल्यांसाठी नव्हताच. ताई दिवसादिवसानं घरातून निघून चालली होती आणि ती परत द्या असं कुणाला म्हणावं ते या माणसाला ठाऊक नव्हतं. स्टुडिओला निदान फाटक तरी होतं.

गंमत अशी की स्टुडिओनं ऐकलं. सहाव्या भागाला गल्ला कमी झाला होता, तेव्हा ऐकणं भाग होतं. सातवा भाग, शेवटचा, जुन्या चाहत्यांना विचारूनच पुरा करायचा असं जाहीर झालं. सिनेमा जवळजवळ तयार झाल्यावर मंडळातल्या लोकांना खासगी खेळाला बोलावलं. ताईला न्यायची परवानगी नव्हती, म्हणून त्या दुपारी मी तिच्याजवळ बसले. पुढचं सगळं मी भावजींच्या तोंडून ऐकलं आहे. अबोल माणसानं एवढं सांगितलं यावरूनच काय ते समजा.

छोटंसं थिएटर होतं, गार. प्रत्येक खुर्चीच्या हाताला रेडिओच्या आवाजाचं असतं तसं एक गोल बटण बसवलं होतं. एका चुणचुणीत मुलीनं पुढे येऊन समजावलं, "आवडलं की उजवीकडे फिरवा, नाही आवडलं की डावीकडे. विचार करत बसू नका. हात जाईल तसा जाऊ द्या. आम्हाला क्षणाक्षणाचं कळेल."

सिनेमा सुरू झाला. कप्तान परत आला होता, बोटीवर आला होता. भावजींचं बटण उजवीकडे गेलं. वादळ आलं, बटण उजवीकडेच. वादळाच्या मधोमध कप्तान आपल्या खोलीत येतो. इंजिनवाला आधीच तिथे आलेला असतो, ओला, दमलेला. कप्तान त्याच्याकडे बघतो, बराच वेळ बघतो, आणि अगदी सभ्यपणे विचारतो, "आपण कोण?"

सगळा जन्म ज्याच्याबरोबर समुद्रात काढला त्याला तो ओळखत नाही.

इंजिनवाला कोपऱ्यातलं फडकं उचलतो. त्यानं हात पुसतो आणि म्हणतो, "मी तुमच्या बोटीवर कामाला आलोय. आज पहिलाच दिवस."

कप्तान बाकावर थोडा सरकतो. "मग बसा ना," म्हणतो. "उभे का?"

दोघं शेजारी शेजारी बसतात. बाहेर वारा घोंघावत असतो. एवढाच प्रसंग.

भावजींनी बटण डावीकडे फिरवलं. पार टोकाला नेलं आणि अंगठ्यानं दाबून धरलं, कारण हात सोडला तर ते आपोआप मागे येईल अशी त्यांना भीती वाटली. प्रसंग संपेपर्यंत त्यांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. नंतर त्या मुलीनं सगळ्यांना विचारलं, खोलीतल्या प्रसंगाचं काय झालं, तिथे सगळे एकदम खाली आलात? घड्याळवाले म्हणाले की पुन्हा तेच रडगाणं, कप्तानाला दुबळा करायची हौस काही फिटत नाही यांची. मुलीनं भावजींकडे वळून विचारलं, "तुम्हाला काय वाटलं, काका?"

"तो प्रसंग नको," भावजी म्हणाले. "आमचा कप्तान असा नाही."

त्यानंतर महिना दोन महिने गेले असतील. एका दुपारी मी भाजी घेऊन त्यांच्याकडे गेले तर ताई दारात छत्री उगारून उभी. "बरं झालं आलीस," ती मला म्हणाली. मला ती अजून ओळखत होती. "हा माणूस घरात शिरलाय. जा म्हटलं तर जात नाही."

भावजी आत उभे होते. हातात लग्नाचा फोटो. "अगं, बघ ना," ते म्हणत होते, "ही तू आणि हा मी. बघ तरी."

ताईनं फोटो बघितला. "हा तरुण मुलगा आहे," ती म्हणाली. "तुम्ही म्हातारे आहात. तुम्ही कोण?"

त्या 'तुम्ही'नं त्यांचा चेहरा उतरला. लग्न झाल्यापासून तिच्या तोंडून त्यांनी तो शब्द ऐकला नव्हता. डॉक्टरांनी बजावलं होतं की वाद घालू नका, पण आपण नवरा आहोत हा वाद असतो हे कुणाच्या लक्षात येणार? त्यांनी फोटो टेबलावर पालथा ठेवला आणि ते बाहेर जिन्यावर जाऊन बसले. मी ताईला खुर्चीवर बसवलं, शेंगा सोलायला दिल्या. तिचा श्वास हळूहळू खाली आला.

थोड्या वेळानं दारावर टकटक झाली. ताईनंच उठून दार उघडलं. भावजी उभे होते, खांद्याला हत्यारांची पिशवी.

"नमस्कार," ते म्हणाले. "लिफ्ट दुरुस्तीला आलोय. आज पहिलाच दिवस आहे माझा."

ताईनं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आमच्या इमारतीत लिफ्ट नाही," ती म्हणाली. आणि खरंच नव्हती.

"मग पत्ता चुकलो वाटतं."

"होतं असं नव्या माणसाचं. जिने चढून दमला असाल. या, पाणी घ्या."

भावजी स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसले. ताईनं पाणी दिलं. काम कसं आहे, साहेब कसा आहे विचारलं. म्हणाली, मी पण नोकरी करते, रुग्णालयात, टेलिफोनवर. भावजी म्हणाले, फार जबाबदारीचं काम असेल. ती म्हणाली, हो ना, लोक घाबरलेले असतात. मग तिनं चहा टाकला आणि साखर किती म्हणून विचारलं. कित्येक महिन्यांत तिला इतकं शांत, इतकं ताईसारखं मी पाहिलं नव्हतं. मी न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि पोटभर रडले.

त्या संध्याकाळी ताई झोपल्यावर भावजींनी मला बटणाची सगळी हकिकत सांगितली. "हे मला त्या इंजिनवाल्यानं शिकवलं," ते म्हणाले. "आणि मी त्यालाच बाहेर काढा म्हणून सांगून आलो." ज्यांच्या घरात असं माणूस आहे ते सगळे हा सिनेमा बघायला येतील. त्यांना हे कोण सांगणार? आणि ताईला? तिला तो प्रसंग दाखवायचा होता त्यांना. कळला नसता कदाचित, पण शेजारी बसून दाखवायचा होता.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्टुडिओत फोन लावला. मग पुन्हा लावला. शेवटी आम्ही दोघं जाऊनच धडकलो. ताईला शेजारणीकडे सोपवलं. आत काचेची खोली होती, भिंतीवर पडदे, टेबलावर अर्धवट प्यालेल्या कॉफीचे कप. ती बटणवाली मुलगी भेटली. तिला मी मनातल्या मनात बरंच काही सुनवायचं ठरवून गेले होते, पण पोरगी चांगली निघाली. तिनं भावजींना खुर्ची दिली आणि पडद्यावर एक रेघ काढून दाखवली. चाहत्यांच्या बटणांची रेघ. कुठे चढत होती, कुठे उतरत होती. मध्ये एका ठिकाणी ती जी कोसळली होती ती थेट तळाला टेकली होती.

"हाच तो प्रसंग, काका. अख्ख्या सिनेमात सगळ्यात खाली. तुमचं एकट्याचं बटण तर शून्यावर होतं, हे बघा. म्हणून काढला."

भावजी त्या रेघेकडे बघत राहिले. "ते आवडलं नाही म्हणून नव्हतं," ते म्हणाले. "दुखलं म्हणून होतं."

 मुलगी हळू आवाजात म्हणाली, "बटणाला दोनच बाजू आहेत, काका."

"परत घालता नाही येणार?"

"मला स्वतःला तो फार आवडला होता. पण तुमचं एकट्याचं ऐकून परत घातला, तर बाकीचे पुन्हा फलक घेऊन फाटकावर येतील. आम्ही शब्द दिलाय ना, जुन्या लोकांना हवा तसाच सिनेमा देऊ म्हणून."

"फलक मीच रंगवले होते," भावजी म्हणाले.

मुलीनं पडद्यावरची रेघ बंद केली. परत येताना बसमध्ये ते म्हणाले, "त्यांनी आमचं ऐकायला नको होतं." एरवी मी म्हटलं असतं, मागणारे तुम्हीच.  मला तर दोन्ही बाजूंचा राग आला होता. मागणाऱ्यांना आपल्याला काय हवंय ते कळत नव्हतं, आणि देणाऱ्यांनी स्वतःला काय दाखवायचंय ते बटणापायी सोडून दिलं होतं. रेघ तळाला गेली तर तिथे काय दडलंय ते विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तरी भावजींनी खरं सांगितलं असतं का? त्या दिवशी तरी नसतं.

सिनेमा लागला. पहिल्या दिवशी आम्ही तिघं गेलो. मंडळाचे झाडून सगळे आले होते. कप्तान पडद्यावर आला तो काळ्याभोर केसांचा, छाती काढलेला, आणि थिएटर शिट्ट्यांनी दणाणलं. घड्याळवाले पुढच्या रांगेत होते, त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तो आनंद खोटा नव्हता, हेही मला सांगितलं पाहिजे. त्या लोकांना त्यांचा कप्तान परत मिळाला होता.

ताई आमच्या दोघांच्या मध्ये बसली होती. गर्दीनं आणि आवाजानं ती बावरेल अशी मला धास्ती होती, पण ती मांडीवर हात ठेवून शहाण्यासारखी बघत होती. वादळ सुरू झालं. कप्तान आपल्या खोलीचं दार उघडून आत गेला आणि पुढच्याच क्षणी पुन्हा सुकाणूवर उभा दिसला. खोलीत काय झालं ते नव्हतंच. कुणाला काही कमी पडलं नाही. मी भावजींकडे पाहिलं. त्यांचा हात खुर्चीच्या हातावर होता आणि जिथे काहीच नव्हतं तिथे त्यांचा अंगठा फिरत होता, उजवीकडे, पुन्हा उजवीकडे.

तो हात ताईच्याही नजरेला पडला. तिनं मान वर करून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "तुम्ही कोण?" तिनं चांगलं मोठ्यानं विचारलं. पुढच्या रांगेतून कुणीतरी 'शूऽ' केलं.

भावजींनी हात विजारीला पुसले. "मी शेजारी बसलोय," ते म्हणाले. "आज पहिल्यांदाच आलोय."

ताईला त्यांचं बोलणं पटलं. पडद्यावर लाटा बोटीच्या डोक्यावरून जात होत्या. तिनं आपला हात उचलून त्यांच्या हातावर ठेवला.

"घाबरू नका," ती म्हणाली. "पोहोचतात ते. मी आधी पाहिलाय."

भावजींनी मान हलवली. मी पुन्हा पडद्याकडे पाहिलं तेव्हा बोट अजून वादळातच होती.